संगणकाचे कुलूप आणि संघटनेची किल्ली



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवरून मोठमोठे विद्वान बोलून गेले. मी विद्वान नव्हे. माझी शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण लेथवर, कारखान्याच्या फाटकावर आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. संगणक तर मी चाळिशी उलटल्यावर शिकलो, आणि तोही हौसेने नव्हे. माझ्या हातून एक चूक घडली आणि त्या चुकीने मला तो शिकायला लावला. ती चूक आणि तिच्यातून शिकलेला धडा, एवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

व्याख्यानाचा विषय आहे, संगणक सुरू होतानाच त्याने परवलीचा शब्द विचारावा अशी व्यवस्था कशी करावी. हा विषय दुरुस्तीच्या दुकानातला आहे, व्याख्यानमालेतला नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ज्या यंत्रात माणसांची नावे आहेत, त्या यंत्राचे कुलूप हा केवळ दुकानदाराचा प्रश्न राहत नाही. माझ्या बाबतीत तो नऊ घरांच्या चुलीचा प्रश्न झाला.

गोष्ट अशी. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार संघटना बांधत होते. संघटनेची नोंदणी होण्यापूर्वीचा काळ फार नाजूक असतो. त्या काळात सभासदाचे नाव बाहेर फुटले, तर दुसऱ्या दिवशी कंत्राटदार त्याला "उद्यापासून येऊ नको" म्हणून सांगतो आणि कारणही देत नाही. आम्ही रात्री खोल्याखोल्यांतून फिरून सह्या घेतल्या आणि यादी कचेरीतल्या संगणकात भरली. एका पोराने मला विचारले, "भाऊ, आमची नावं बाहेर तर जाणार नाहीत ना?" मी छातीठोकपणे म्हणालो, "अरे, संगणकाला पासवर्ड आहे. माझ्याशिवाय कोणाला उघडायचा नाही."

एका सोमवारी कचेरी उघडली तेव्हा दाराची कडी ढिली दिसली. आत चोरीला काहीच गेले नव्हते. संगणक जागच्या जागी होता, पैशाची पेटी होती, पंखाही होता. आम्ही कडीला नवे स्क्रू मारले आणि कामाला लागलो. त्यानंतर आठ दिवसांत त्या कारखान्याच्या फाटकावर नऊ माणसे अडवली गेली. ती कोणती? आमच्या यादीतली पहिली नऊ. क्रमसुद्धा तोच. हे कोणी केले ते मी सिद्ध करू शकलो नाही, म्हणून आज कोणावर आरोपही करीत नाही. पण ते कसे घडू शकले, हे मला समजून घ्यायचे होते.

संगणक दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने ते मला दाखवले. त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला, संगणकाला लावला, एक कळ दाबून संगणक सुरू केला आणि पाच मिनिटांत यादी पडद्यावर आणली. माझा पासवर्ड त्याला कोणी विचारलाच नाही. मी म्हटले, "अरे, मग तो पासवर्ड कशासाठी होता?" तो हसून म्हणाला, "काका, तो विंडोजचा पासवर्ड. मी विंडोज सुरूच केलं नाही."

त्याच्या या वाक्यात आजच्या विषयाचे मर्म आहे. ते नीट कळण्यासाठी संगणक सुरू कसा होतो हे पाहू. कामगारांना समजेल असा दाखला देतो. पहाटे कारखान्यात पहिली पाळी लागते तेव्हा सगळे खाते एकदम सुरू होत नाही. आधी फाटकावरचा पहारेकरी जागा होतो, दिवे लावतो, कुलूप काढतो. मग मुकादम येतो आणि कोणते खाते चालू करायचे ते ठरवतो. मग खाते सुरू होते, आणि खात्याच्या दाराशी टाइमकीपर तुमचा बिल्ला तपासतो. संगणकातही असेच आहे. विजेचा खटका दाबल्यावर प्रथम मदरबोर्डावरच्या एका चिपमधला छोटा कार्यक्रम जागा होतो. हा पहारेकरी. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, हल्लीच्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीने घेतली आहे. तो स्मृती, कळफलक, डिस्क यांची हजेरी घेतो आणि कोणत्या डिस्कवरून सुरुवात करायची ते पाहतो. मग तो काम सोपवतो बूट लोडरकडे, म्हणजे मुकादमाकडे. मुकादम विंडोज किंवा लिनक्स यांपैकी जी कार्यप्रणाली असेल ती स्मृतीत आणतो. आणि सर्वांत शेवटी ती कार्यप्रणाली तुम्हाला विचारते, नाव काय, पासवर्ड काय?

आपण ज्याला पासवर्ड म्हणून निर्धास्त असतो, तो हा शेवटचा टाइमकीपर. पेन ड्राइव्ह घेऊन आलेल्या माणसाने पहारेकऱ्याला सांगितले, "आज या खात्यात जायचे नाही, माझ्याबरोबर आलेले खाते चालू कर." पहारेकऱ्याला कोणी मनाई केलेली नव्हती. त्याने दुसरे खाते चालू केले, आणि त्या खात्यातून आमची डिस्क उघड्या कपाटासारखी वाचता आली. टाइमकीपर आपल्या दाराशी बसूनच राहिला.

तेव्हा पहिले कुलूप लावायचे ते पहारेकऱ्याकडे. संगणक सुरू होताना ठरावीक कळ दाबली की व्यवस्थेचा पडदा उघडतो. तेथे साधारणपणे दोन पासवर्ड ठेवता येतात. एक व्यवस्था बदलण्यासाठी, दुसरा यंत्र सुरू करण्यासाठी. पहिला ठेवून, आतल्या डिस्कवरूनच सुरुवात करावी असा हुकूम दिला आणि आयत्या वेळी दुसरे साधन निवडण्याची सोयही बंद केली, की पेन ड्राइव्हवाल्याचा सोपा रस्ता अडतो. दुसरा ठेवला तर परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय यंत्र पुढे सरकतच नाही.

मी हे कुलूप लावले आणि पुन्हा निर्धास्त झालो. त्याच मुलाने माझी ही समजूतही काढून टाकली. त्याने मागची पत्र्याची बाजू उघडून मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढली, थोडा वेळ थांबला आणि परत बसवली. पहारेकरी आपला परवलीचा शब्द विसरून गेला! पुष्कळशा जुन्या टेबलावरच्या संगणकांत हा शब्द बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत ठेवलेला असतो. लॅपटॉपमध्ये बहुधा तो अशा चिपमध्ये असतो की बॅटरी काढून पुसला जात नाही. पण तेथेही चोर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावू शकतो. फाटक बंद असले म्हणून काय झाले? तिजोरीच उचलून नेली तर फाटकाला कोण विचारतो?

दुसरे कुलूप मुकादमाचे. आम्ही पुढे कचेरीत लिनक्स घेतले, कारण त्याला पैसे पडत नाहीत आणि त्याची रचना कोणालाही वाचता येते. लिनक्सचा नेहमीचा मुकादम म्हणजे ग्रब. संगणक सुरू होताना ग्रबच्या यादीवर 'ई' ही कळ दाबली की सुरुवातीची आज्ञा बदलता येते. त्या ओळीत दोन शब्द वाढवले, तर बऱ्याच व्यवस्थांत कार्यप्रणाली कोणताही पासवर्ड न विचारता सर्वाधिकार हाती देते. ही सोय मुळात विसरभोळ्या मालकासाठी आहे, पण ती चोरालाही चालते. म्हणून ग्रबला सांगावे लागते की आज्ञा बदलण्याचा अधिकार अमक्यालाच आहे आणि त्याचा परवलीचा शब्द हा. येथे एक खाचखळगा आहे. ग्रबमध्ये अधिकारी नेमला, की नेहमीची सुरुवात करायलाही तो शब्द मागतो. नेहमीची नोंद सर्वांना मोकळी आहे असे वेगळे लिहावे लागते. मी ते लिहायला विसरलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडणारा आमचा शिपाई अकरा वाजेपर्यंत माझी वाट पाहत बसला.

ग्रबमध्ये तो शब्द जसाच्या तसा लिहून ठेवायचा नसतो. यामागे एक जुनी गोष्ट आहे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या मंडळींनी एकाच संगणकावर अनेकांनी काम करावे अशी व्यवस्था उभारली. प्रत्येकाच्या फायली खाजगी राहाव्यात म्हणून पासवर्ड आले. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला आपल्या वाट्याचा वेळ पुरेना. 1962 साली त्याने छिद्रे पाडलेले एक कार्ड यंत्राला देऊन पासवर्डांची अख्खी फाइल छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या वेळात आपले काम केले. 1966 साली तर तेथे एका चुकीमुळे सर्वांचे पासवर्ड प्रत्येकाच्या पुढ्यात उमटले. यातून शहाणपण आले, की पासवर्ड ठेवायचाच नाही. त्याचे पीठ करून ठेवायचे. गव्हाचे पीठ होते, पिठाचे गहू होत नाहीत. तुम्ही शब्द टंकला की यंत्र त्याचेही पीठ दळते आणि दोन पिठे जुळतात का ते पाहते. ग्रब हे दळण हजारो वेळा करतो, म्हणजे अंदाजाने शब्द शोधणाऱ्याला प्रत्येक खेपेस तेवढेच जाते फिरवावे लागावे.

तरीही मुकादमाच्या कुलपावर विसंबू नये. 2015 साली स्पेनमधील वॅलेन्शियाच्या तंत्र विद्यापीठातील दोन संशोधकांनी दाखवून दिले, की ग्रबने नाव विचारले असता मागे जाण्याची कळ 28 वेळा दाबली, तर त्याच्या कित्येक आवृत्त्यांत पासवर्डाशिवाय आत शिरता येते. 2009 पासूनच्या आवृत्त्यांत ही चूक होती. ती लगेच दुरुस्त झाली. पण सहा वर्षे जगभरची माणसे त्या कुलपाकडे बघून निश्चिंत झोपत होती, हेही खरे. म्हणून सुधारलेली आवृत्ती वेळच्या वेळी घेणे हाही कुलपाचाच भाग समजावा.

आता तिसरे कुलूप, आणि तेच खरे. पहिली दोन कुलपे दाराला लागतात. तिसरे कुलूप प्रत्यक्ष मजकुराला लागते. सबंध डिस्क सांकेतिक लिपीत लिहायची, आणि सुरू होताना परवलीचा शब्द मिळाल्याशिवाय ती वाचताच येऊ नये अशी तजवीज करायची. मग डिस्क काढून नेली तरी चोराच्या हाती अर्थहीन आकडे पडतात. विंडोजमध्ये या व्यवस्थेला बिटलॉकर म्हणतात, लिनक्समध्ये लक्स. बिटलॉकरबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याची किल्ली मदरबोर्डावरच्या एका चिपमध्ये राहू शकते, आणि तशी ती एकटीच ठेवली तर सुरू होताना माणसाला काहीच विचारले जात नाही. डिस्क नेणारा फसतो, पण सबंध संगणक उचलून नेणाऱ्यापुढे विंडोज आपोआप सुरू होते आणि मधे उरतो तो फक्त टाइमकीपर. म्हणून चिपच्या जोडीला सुरुवातीचा पिनही ठेवावा. आणि 48 आकड्यांची जी पुनःप्राप्तीची किल्ली मिळते, ती कागदावर उतरवून दुसऱ्या इमारतीत ठेवावी. पहारेकऱ्याच्या व्यवस्थेत काही बदल केला की यंत्र कधी कधी तीच किल्ली मागते.

हे कुलूपही यंत्र बंद असतानाचे आहे. एकदा ते उघडून यंत्र चालू ठेवले, की किल्ली स्मृतीत असते. 2008 साली प्रिन्स्टन विद्यापीठातील मंडळींनी दाखवले, की वीज तोडल्यावरही स्मृतीतला मजकूर काही क्षण टिकतो आणि चिप थंड केली तर अधिक वेळ टिकतो. तेव्हा रात्री संगणकाला नुसते झोपवू नका, पुरता बंद करा.

माझी कथा येथे संपली असती तर मी सुखी झालो असतो. पण एका चुकीने भाजलेला माणूस दुसरी चूक उलट्या दिशेने करतो. डिस्कला कुलूप लावल्यावर आम्ही ठरवले, की परवलीचा शब्द एकट्या कोषाध्यक्षाला ठाऊक असावा. माणूस सोन्यासारखा. कोणाला सांगेल हे शक्यच नव्हते. त्याने सांगितले नाहीच. पुढे एका वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला. देवदयेने तो वाचला, पण तो शब्द त्याच्या स्मरणातून गेला तो गेलाच. भविष्य निर्वाह निधीच्या एका प्रकरणाची सुनावणी अकरा दिवसांवर होती आणि चाळीसएक कामगारांचे कागद त्या डिस्कमध्ये होते. आम्ही त्याच्या उशाशी बसून त्याच्या मुलीचे नाव, गावचे नाव, लग्नाची तारीख, सारे विचारून पाहिले. तो डोळ्यांत पाणी आणून आमच्याकडे बघत राहिला. त्याच्यावर असा भार टाकणे हा आमचा अपराध होता. ती डिस्क आजतागायत उघडलेली नाही. कागद आम्ही घरोघर फिरून पुन्हा जमवले, आणि जेवढे जमले तेवढ्यांचेच प्रकरण उभे राहिले.

त्या वेळी मी लक्सची रचना मुळापासून वाचली, आणि तिने मला संघटनेबद्दल शिकवले. डिस्कची मुख्य किल्ली एकच असते, पण ती कोणा माणसाजवळ नसते. ती डिस्कवरच निरनिराळ्या खणांत, निरनिराळ्या परवलीच्या शब्दांनी बंद करून ठेवलेली असते. लक्सच्या पहिल्या पद्धतीत असे आठ खण आहेत, दुसऱ्या पद्धतीत बत्तीसपर्यंत करता येतात. म्हणजे अध्यक्षाचा शब्द वेगळा, चिटणिसाचा वेगळा, कोषाध्यक्षाचा वेगळा. कोणाचाही एक चालतो. कोणी पद सोडले तर त्याचा खण पुसून टाकायचा, बाकीच्यांना आपला शब्द बदलावा लागत नाही. कोणी आजारी पडला तर काम अडत नाही. ही यंत्राची युक्ती खरी, पण मला ती सामुदायिक नेतृत्वाच्या रीतीसारखी वाटली.

आदी शमीर या गणितज्ञाने 1979 साली याच्याही पुढची वाट दाखवली. गुपिताचे भाग करून अनेकांना वाटायचे, आणि ठरावीक संख्येने माणसे जमली तरच गुपित उघडावे. त्याने आपल्या लेखात एक जुने कोडे दिले आहे. अकरा शास्त्रज्ञ आहेत, आणि कोणतेही सहा जमल्याशिवाय कपाट उघडू नये. साध्या कुलपांनी हे करायचे तर 462 कुलपे लागतील आणि प्रत्येकाला 252 किल्ल्या बाळगाव्या लागतील. शमीरने तेच गणिताने सोपे केले. आपण सभेची गणसंख्या म्हणतो ना, ती कुलपाला लावण्याचा हा मार्ग आहे.

आता एका रास्त शंकेचे उत्तर देतो. आमच्याच सभेत एका म्हाताऱ्या सभासदाने विचारले, "आपण मालकाला हिशेब उघडे कर म्हणतो, आणि आपण कुलपे लावतो?" प्रश्न बिनतोड होता. 1926 च्या कामगार संघटना कायद्याने नोंदलेल्या संघटनेच्या सभासदाला हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क दिला होता. कायदे बदलतील, पण ते तत्त्व आम्ही सोडणार नाही. सभासदाला सर्व उघडे असावे. कुलूप आहे ते रात्री कडी उचकटून येणाऱ्यासाठी. ज्या दिवशी चिटणीस ते कुलूप सभासदांविरुद्ध वापरील, त्या दिवशी संघटना त्याच्या खाजगी मालकीची झाली असे समजावे. म्हणून आमच्याकडे नियम आहे, की महिन्याच्या सभेत संगणक सर्वांसमोर उघडायचा आणि ज्याला जे पाहायचे ते दाखवायचे.

आमच्या चळवळीने एके काळी संगणकावर अविश्वास दाखवला. 1960 नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणक येऊ नये म्हणून लढा दिला, आणि 1983 साली बँक कर्मचाऱ्यांनी त्याच्या अटी करारात बांधून घेतल्या. त्या लोकांना कोणी मागासलेले म्हणो, पण यंत्र येताना ते प्रश्न तरी विचारत होते. माझ्या पिढीने यंत्र घरात घेतले आणि प्रश्न विचारणे सोडून दिले. "पासवर्ड आहे" एवढ्या दोन शब्दांवर मी नऊ माणसांची रोजी पणाला लावली. पासवर्ड कोणत्या दाराला आहे, कोणाला अडवतो आणि कोणाला अडवत नाही, हे मी विचारलेच नव्हते.

तेव्हा आपल्या मंडळात, पतपेढीत, शाळेत, दवाखान्यात जेथे लोकांची नावे यंत्रात असतील, तेथे उद्या एवढे करा. पहारेकऱ्याला कुलूप लावा, मुकादमाला लावा, पण भरवसा ठेवा तो डिस्कच्या कुलपावर. शब्द लांब घ्या, चार-पाच असंबद्ध शब्दांचा, मुलाच्या नावाचा नको. किल्ली एकाच्या हाती देऊ नका. मजकुराची दुसरी प्रत दुसऱ्या जागी, तशीच कुलूपबंद ठेवा. पदाधिकारी बदलले की त्याच दिवशी खण बदला. आणि दर सहा महिन्यांनी, संकट नसताना, प्रत्येकाच्या शब्दाने यंत्र उघडते की नाही ते पाहा.

त्या नऊ जणांपैकी पाच जण पुढे कामावर परत आले, चार आले नाहीत. ज्या पोराने मला विचारले होते, "आमची नावं बाहेर तर जाणार नाहीत ना?", तो त्या चारांतला. आज तो दुसऱ्या गावी रिक्षा चालवतो. मध्यंतरी भेटला तेव्हा मी त्याला हे सारे सांगितले, तीन कुलपे, आठ खण, सारे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "भाऊ, हे आता बाकीच्यांना सांगा." म्हणून आज येथे आलो.